कोल्हापूरच्या वतीनं विचारणार कोण?

नोव्हेंबर २०२४ च्या निकालात कोल्हापूर जिल्ह्यानं दहाच्या दहा आमदार सत्तेच्या बाजूला बसवले. चंदगडपासून शिरोळपर्यंत एकही मतदारसंघ असा उरला नाही, जिथला आमदार विधानसभेत विरोधी बाकावर बसतो. कुणी महायुतीतल्या पक्षाचा, कुणी मित्रपक्षाचा, कुणी अपक्ष. पण पाठिंबा सरकारलाच. त्याआधीच्या, म्हणजे २०१९ च्या निवडणुकीत याच जिल्ह्यानं एकट्या काँग्रेसचे चार आमदार निवडून दिले होते. निकालानंतर गावोगावच्या कट्ट्यांवर एकच समाधान ऐकू येत होतं: आता आपल्या जिल्ह्याचं काम कुठं अडणार नाही.

मला हे समाधान पटत नाही. निकाल लोकांनी दिला आहे आणि तो मान्यच आहे. पण दहापैकी दहा या आकड्यानं आपलं काय गेलं, याचा विचार अजून झालेला नाही. विरोधी पक्षाचा आमदार म्हणजे निवडणूक जिंकूनही हरलेला माणूस, असं आपण धरून चाललो आहोत. तो सत्तेत नाही, म्हणजे त्याच्या हातात काही नाही, म्हणजे त्याचा उपयोग नाही. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत कोल्हापूर आज ना उद्या मोजणार आहे.

जिल्ह्याला विरोधी आवाजच नाही असं नाही. लोकसभेत काँग्रेसचे शाहू छत्रपती आहेत, विधान परिषदेत सतेज पाटील आहेत. पण राज्याच्या तिजोरीवर मतदान होतं ते विधानसभेत. अनुदानाच्या मागण्या मंजूर करण्याचा अधिकार राज्यघटनेनं फक्त त्या सभागृहाला दिला आहे. तिथं कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, देऊन, "हा पैसा कशासाठी, आणि मागच्या वर्षी दिलेल्याचं काय झालं?" असं मंत्र्याला सरळ विचारायला ज्याला पक्षाची किंवा सरकारला दिलेल्या पाठिंब्याची आडकाठी नाही, असा कोल्हापूरचा एकही माणूस तिथं नाही. दहापैकी दोघं तर मंत्री आहेत. मंत्र्याला सभागृहात प्रश्न विचारता येत नाही. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, तेव्हा जाहीर विरोध करायचा तर त्याला आधी राजीनामा द्यावा लागतो. उरलेल्या आठांना प्रश्न विचारता येतात आणि ते विचारतातही. पण आपल्याच सरकारच्या विधेयकावर मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं, मागायची वेळ आली की पक्षात असलेल्यांना व्हिप, म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश, आडवा येतो, आणि अपक्षाला सरकारला दिलेला पाठिंबा. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते.

मग प्रश्न येतो की, विरोधी आमदाराचं काम मोजायचं कशावर? आपल्याकडं याचं एकच माप आहे: निधी. चौकाचौकातल्या डिजिटल फलकांवर आमदाराच्या छबीखाली मंजूर कोटींचा आकडा असतो. गल्लीतला पेव्हर ब्लॉक, समाजमंदिराची शेड, स्मशानभूमीचा रस्ता, हायमास्ट दिवा. यातलं काहीच अनावश्यक नाही. पण लोकप्रतिनिधीला स्वतःच्या सहीनं कामं सुचवता येतील असा निधी ही फार जुनी गोष्ट नाही. खासदारांचा स्थानिक विकास निधी १९९३ साली सुरू झाला, आज तो वर्षाला ५ कोटी आहे. त्याआधीही संसद चालत होती, आणि तेव्हाच्या खासदारांना कुणी बिनकामाचं म्हणत नव्हतं. आता या छोट्या निधीच्या कितीतरी पट मोठी रक्कम सरकारच्या मर्जीनं मतदारसंघांत वाटली जाते. जून २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारनं ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या. एवढ्या रकमेतलं कुठं काय जातं हे तपासून विचारणं, हे विधानसभेचं पहिलं काम. पण मतदार आमदाराला विचारतो ते एवढंच, "यातलं तुम्ही किती आणलं?" हा प्रश्न विचारला, की विरोधी आमदार त्याच क्षणी नापास होतो. आणि मग तो एक दिवस "मतदारसंघाच्या विकासासाठी" असं सांगत सत्तेकडं निघून जातो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात झालेल्या अनेक पक्षांतरांच्या वेळी हेच कारण दिलं गेलं. ते कारण आपण मतदारांनीच तयार करून दिलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या मी नेमानं वाचतो. बाहेरून त्या अगदी रुक्ष दिसतात. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. पहिल्या भागात एक विधान, आणि शेवटी "हे खरे आहे काय?". दुसऱ्या भागात, "असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले?". तिसऱ्यात, "त्यानुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे?". आणि अखेरीस, "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?". उत्तरंही तशीच ठरलेली: "होय", "नाही", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही".

पण याच साच्यात मोठी ताकद आहे. नदीच्या पाण्यात सांडपाणी सोडलं जातं, असं मोर्चात शंभर वेळा ओरडून सांगितलं तरी सरकारला त्यावर काही म्हणण्याचं बंधन नसतं. तेच तारांकित प्रश्न म्हणून, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं असा प्रश्न म्हणून, स्वीकारलं गेलं, की खालपासून वरपर्यंत फाइल हलते. मंत्रालयातून जिल्ह्याकडं विचारणा येते, अधिकारी माहिती गोळा करतो, सचिवाच्या नजरेखालून उत्तर जातं आणि मंत्र्याच्या सहीनं छापलं जातं. "अंशतः खरे आहे" असं ज्या दिवशी छापून येतं, त्या दिवसापासून "असं काही घडलंच नाही" हे म्हणायची सोय सरकारकडं उरत नाही. किती नोटिसा दिल्या, किती कारखान्यांवर कारवाई झाली, प्रकल्पाचं काम किती टक्के झालं, याचे आकडे कागदावर येतात. पुढच्या अधिवेशनात दुसरा आमदार तेच आकडे पुढं करून विचारतो, "मागच्या वेळी तुम्ही अमुक म्हणाला होता, मग अजून का नाही?" सभागृहात मंत्री "तपासून कार्यवाही करू" असं म्हणाला तर तेही हवेत विरत नाही. अशी विधानं टिपून त्यांचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. लोकसभेत आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत मानली जाते.

याला मी विरोधकाचं पीक म्हणतो. मतदानात तो हरणारच असतो, संख्या त्याच्याकडं नसते. पण सरकारकडून जाहीरपणे वदवून घेतलेलं प्रत्येक वाक्य ही जनतेची मिळकत होते. ती पत्रकाराला वापरता येते, वकिलाला कोर्टात लावता येते, गावातल्या कार्यकर्त्याला ग्रामसभेत वाचता येते. माहितीचा अधिकार २००५ साली आला, तेव्हा त्यात एक सुंदर तरतूद होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. म्हणजे सभागृहातला प्रश्न आणि सामान्य माणसाचा अर्ज यांना एका पातळीवर आणलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं त्या कलमात बदल केला आणि ही तरतूद गेली.

ती गेली कशी, हेही सांगायला हवं, कारण इथं दोष विरोधकांच्या पदरातही पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये हे विधेयक राज्यसभेत आलं, तेव्हा मणिपूरच्या मुद्द्यावरून विरोधकांनी सभात्याग केलेला होता. मणिपूरवरचा त्यांचा संताप खरा होता, मागणी रास्त होती. पण ज्या कलमानं प्रत्येक तालुक्यातल्या माहिती कार्यकर्त्याचा हात बांधला जाणार होता, ते कलम आवाजी मतदानानं निघून गेलं. त्या दिवशी सभागृहात थांबून, कलमागणिक दुरुस्ती मांडून, प्रत्येक दुरुस्तीवर मत नोंदवून घ्यायला हवं होतं. हरले असते, पण कुणी काय म्हणून मत दिलं ते तरी कागदावर राहिलं असतं. आपल्याकडंही तेच. अधिवेशनाच्या सकाळी विधानभवनाच्या पायऱ्यांवर गळ्यात माळा घालून, हातात फलक घेऊन उभं राहिलं की संध्याकाळच्या बातम्यांत दिसता येतं. रात्री उशिरा विभागवार मागण्यांवर चर्चा चालते, तेव्हा बाकं रिकामी असतात. पायऱ्यांवरच्या आंदोलनाला माझा विरोध नाही. पण पायऱ्यांवर जो सकाळी ओरडतो, तो रात्री सिंचनाच्या मागणीवर बोलायला हजर आहे का, हे बघायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

अर्थात, थांबू दिलं तर थांबणार. डिसेंबर २०२३ मध्ये एकाच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, आणि देशाची फौजदारी व्यवस्था बदलणारी तीन विधेयकं त्याच दिवसांत मंजूर झाली. हा रोग एका पक्षाचा नाही. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार असताना भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ठराव रद्द ठरवला. एक मतदारसंघ वर्षभर प्रतिनिधीविना ठेवणं ही शिक्षा आमदाराला नाही, तिथल्या मतदाराला आहे. ज्यांना २०२१ चं निलंबन चुकीचं वाटलं त्यांना २०२३ चंही चुकीचं वाटायला हवं, आणि उलटही.

कोल्हापूरनं या विषयात बाकीच्यांपेक्षा जास्त समजून घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे. याचं कारण आपल्या इतिहासात आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतनं रद्द केली. राजा होते, मनात आलं, हुकूम काढला. त्या हुकमाची थोरवी शंभर वर्षांनीही कमी होत नाही. पण संस्थानाच्या हद्दीबाहेर, ब्रिटिश मुंबई इलाख्यात, तोच वतनाचा फास तसाच राहिला. १९२० साली कागलजवळच्या माणगाव परिषदेत महाराजांनी ज्या तरुण पुढाऱ्याच्या पाठीशी आपलं बळ उभं केलं, त्या डॉ. आंबेडकरांच्या हातात राजाचा हुकूम नव्हता. ते मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले आणि मार्च १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतनदार म्हणजे गावाचा चोवीस तासांचा बांधील नोकर, मोबदला मात्र जेमतेम, हे त्यांनी तिथं उलगडून सांगितलं. विधेयक मंजूर झालं नाही.

१९३७ साली ते निवडून आले. बाळासाहेब खेरांचं काँग्रेसचं सरकार होतं आणि बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकांवर होता. १७५ जणांच्या सभागृहात त्या पक्षाचे सदस्य पंधराच्या आसपास. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तेही त्या सभागृहात मंजूर झालं नाही. कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाला त्यांनी १९३८ साली कडाडून विरोध केला, तरी ते संख्याबळावर मंजूर झालं. म्हणजे निधीच्या आणि निकालाच्या मापानं बघितलं, तर आमदार म्हणून बाबासाहेब पुन्हा पुन्हा हरले. पण पुढं काय झालं? खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. गावकीची कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. १९२८ ला जे विधेयक पुढं सरकलं नाही, त्यातला विचार कायदा व्हायला तीस वर्षं लागली. पण कायदा करताना युक्तिवाद नव्यानं शोधावा लागला नाही, तो विधिमंडळाच्या कामकाजात आधीच लिहिलेला होता. आणि बाबासाहेब फक्त सभागृहात थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ ला त्यांनी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला, ७ नोव्हेंबरला कामगारांचा संप घडवला. आत भाषण आणि बाहेर माणसं, अशी ती जोडणी होती.

हीच जोडणी कोल्हापूरनं प्रा. एन. डी. पाटलांच्या रूपात डोळ्यांनी पाहिली. शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. सर अठरा वर्षं विधान परिषदेत होते आणि १९८५ ते १९९० या काळात कोल्हापूरचे आमदार होते. मधली १९७८ ते १९८० ही वर्षं सहकारमंत्रिपदाची, बाकी बहुतेक सगळं आयुष्य विरोधात. आज शहरात त्यांची आठवण निघते ती टोलच्या लढ्यासाठी, आणि ते योग्यच आहे. ऐंशी ओलांडलेला माणूस रस्त्यावर उतरला आणि शहरातला टोल अखेर गेला. पण मला त्यांच्यात जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. त्यांनी बिंदू चौकातल्या सभेला आणि विधान परिषदेतल्या चर्चेला वेगवेगळी कामं मानलं नाही. निधी किती आणला म्हणून आज कुणी एन. डी. सरांची आठवण काढत नाही. त्यांच्या काळात आपलं माप वेगळं होतं, हे त्यावरून कळतं.

हातकणंगल्याचे खासदार असताना राजू शेट्टींनी २०१८ साली लोकसभेत दोन अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं आणलेली विधेयकं, मांडली. एक शेतकऱ्याला कर्जमुक्तीचा हक्क देणारं, दुसरं हमीभावाला कायद्याचं बळ देणारं. अशा विधेयकांची गत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, आणि शेवटचा १९७० सालचा. तेव्हा ही दोन मंजूर होतील असं शेट्टींनाही वाटलं नसेल. पण हमीभावाचा कायदा ही मागणी कलमांच्या रूपात संसदेच्या पटलावर आली. दोन वर्षांनी दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले, तेव्हा हीच मागणी त्यांच्या तोंडी होती. दक्षिणेतलं एक उदाहरणही इथं सांगतो. द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं अशासकीय विधेयक राज्यसभेनं एप्रिल २०१५ मध्ये मंजूर केलं. लोकसभेत ते पार पडलं नाही. पण मग सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ साली कायदा झाला. तो अपुरा आहे अशी टीका झाली, ती रास्त आहे. तरी सरकारला हलवलं ते एका विरोधी खासदाराच्या मसुद्यानं.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. सतत प्रश्न, सतत विरोध, सतत चर्चा; मग सरकारनं काम करायचं कधी? लोकांनी बहुमत दिलं ते निर्णय घ्यायला. मी म्हणतो, जरूर घ्यावेत. पण चर्चा टाळून घेतलेला निर्णय टिकतो किती, ते एकदा बघावं. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत शेती विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते. ती न घेता आवाजी मतदानानं विधेयकं मंजूर झाली. जी चर्चा सभागृहात नाकारली, ती वर्षभर रस्त्यावर झाली, थंडीत आणि उन्हात. शेवटी २९ नोव्हेंबर २०२१ ला हे कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना. कायदे चांगले होते की वाईट यावर मतभेद असतील, माझ्या ओळखीतल्या शेतकऱ्यांतही आहेत. पण कलमांवर नीट भांडून, दुरुस्त्या घेऊन जे होऊ शकलं असतं, ते कुणाच्याच पदरात पडलं नाही. वेळ वाचवायला गेलं आणि वर्ष गेलं.

याउलट, कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी राज्यात आणलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकाचं बघा. मूळ मसुद्यावर टीका झाली, ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं, हजारो सूचना आल्या. त्यातून काही बदल झाले. तपासाचा अधिकार फौजदाराच्या पातळीवरून उपअधीक्षकाच्या पातळीवर नेला, सल्लागार मंडळाच्या रचनेत सुधारणा झाली. माझ्या मते हे बदल पुरेसे नाहीत आणि कायद्याचा रोख अजूनही धोकादायक आहे. पण समितीत बसून जेवढं मिळालं, तेवढं सभात्यागातून मिळालं नसतं. १० जुलै २०२५ ला विधानसभेत हे विधेयक मंजूर झालं, तेव्हा डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी त्याला ठाम विरोध नोंदवला. सभागृहात पक्षाचे ते एकटेच. एकट्या माणसाचा विरोध कशाला नोंदवायचा, असं कुणी म्हणेल. उद्या या कायद्याखाली एखाद्या चळवळीवर वेळ आली, तर त्या दिवशी कुणी काय सांगून ठेवलं होतं हे शोधायला लोक त्याच कामकाजाकडं जातील.

आता विरोधी पक्षनेतेपदाबद्दल. २०२४ च्या निकालात भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांना मिळून २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडं २० आमदार. दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नाहीत म्हणून २०२५ सालभर विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळाला नाही. हा दहा टक्क्यांचा आकडा लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातल्या संकेतातून आला. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याविषयीच्या १९७७ च्या कायद्यात असा आकडा नाही. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच आहे. आपल्या राज्याचा जुना रिवाज तर यापेक्षा मोठ्या मनाचा होता. १९६२ साली २६४ जणांच्या विधानसभेत शेकापचे १५ आमदार होते, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. दिल्लीत २०१५ साली ७० पैकी ३ जागा असलेल्या भाजपला हे पद दिलं गेलं. विरोधी पक्षनेता म्हणजे मोटार आणि बंगला नव्हे. त्याला बोलायला हक्काचा वेळ असतो आणि त्याच्या पत्राला मंत्रालयात वजन असतं. प्रचंड बहुमताच्या सरकारनं हे पद स्वतः पुढं होऊन द्यायला हवं होतं. २३० आमदार असलेल्याला एका माणसाच्या बोलण्यानं कोणता धोका होता?

कोल्हापुरात तर हा अनुभव आणखी जवळचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभागृहच नाही, तर विरोधी नगरसेवक कुठला आणि प्रश्न कुठला! रस्त्याच्या निविदा, पाण्याची योजना, घरफाळा, सगळं एका सहीनं. अधिकारी प्रामाणिक असले तरी त्यांना सर्वांसमोर उभं करून "हे असं का?" असं विचारणारा कुणी नव्हता. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढ झालेली नाही, त्यावर शहर आणि भोवतालच्या गावांत इतका टोकाचा वाद आहे. तोही वाद या काळात सभागृहात झाला नाही, मोर्च्यांत आणि निवेदनांत झाला. दोन्ही बाजूंची बाजू एका टेबलावर, एका कामकाजात आलीच नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक अधिवेशन संपलं की जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदार-खासदारानं, सत्तेतला असो की विरोधातला, एक पत्रक काढावं. त्यात किती कोटी आणले ते नको. कोणते प्रश्न विचारले, काय उत्तर मिळालं, कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, कोणत्या दिवशी गैरहजर होतो, एवढंच असावं. शाहू स्मारकात वर्षभर व्याख्यानं होतात. त्यातल्या एका संध्याकाळी हे पत्रक समोर ठेवून लोकप्रतिनिधीला विचारता यावं. वकिलांनी, प्राध्यापकांनी, शेतकरी संघटनांनी विरोधी सदस्यांना प्रश्न तयार करून द्यावेत. चांगला तारांकित प्रश्न लिहायला अभ्यास लागतो. शासन निर्णयाचा दिनांक, प्रकल्पाचं नाव, गट नंबर, खर्चाचं लेखाशीर्ष हे सगळं अचूक असेल, तरच "प्रश्न उद्भवत नाही" ही पळवाट बंद होते. हा अभ्यास गावात आहे. तो मुंबईपर्यंत पोचत नाही.

आणि प्रश्नांची कोल्हापूरला वाण नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ-करवीरची गावं पाण्याखाली गेली. पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीच्या शिफारशींपैकी कोणत्या अमलात आल्या, कोणत्या नाहीत, आणि कारणं काय? कर्नाटक अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेऊ पाहतं, त्यावर महाराष्ट्रानं नेमकं काय, कोणत्या तारखेला आणि कुणापुढं म्हणणं मांडलं? पंचगंगेत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आज रोज किती जातं? नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाची कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना विधानसभा निवडणुकीआधी मागे घेतली आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं या मार्गासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. मग आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्या गावांची किती जमीन आता जाणार आहे? यातला प्रत्येक प्रश्न विधान परिषदेतून विचारता येतो, केंद्राशी संबंधित असलेला लोकसभेतूनही. दहा आमदारांपैकी मंत्री नसलेले आठजणही तो विचारू शकतात. येत्या अधिवेशनाआधी त्यांच्या कार्यालयात जाऊन हे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.